वाघाच्या मागावर जिम कॉर्बेट

भूतानच्या पर्वतराजीत वाघांचा शोध घेणारी 'लॉस्ट लँड ऑफ द टायगर' ही तीन भागांची मालिका बीबीसीने २०१० मध्ये प्रसारित केली. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, जिथे वाघ असेल असे कुणी फारसे गृहीत धरत नव्हते, तिथे जंगलात लावून ठेवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत वाघ उमटला आणि जगभरच्या प्रेक्षकांनी तो थरार घरबसल्या अनुभवला. त्याआधी १९९७ मध्ये वाल्मिक थापर यांच्या 'लँड ऑफ द टायगर' या मालिकेने भारतीय उपखंडातील वन्यजीवन असेच घराघरांत पोहोचवले होते. अशा मालिकांमध्ये वाघ स्वतः दिसतो तो मोजकी मिनिटे. उरलेला सारा वेळ असतो तो शोधाचा. ओल्या वाळूत उमटलेला पंजाचा ठसा, झाडाच्या खोडावरचे नखांचे ओरखडे, भेकराचे एकाएकी सुरू झालेले भुंकणे, शेंड्यावर बसलेल्या वानराने दिलेला इशारा, आणि मग श्वास रोखून केलेली प्रतीक्षा. या खुणांची भाषा आज शहरातल्या शाळकरी मुलालाही थोडीफार कळते. ही भाषा सामान्य वाचकापर्यंत पोहोचवण्याचे श्रेय ज्यांना निःसंशय द्यावे लागेल, त्यांत जिम कॉर्बेट यांचे नाव अग्रभागी आहे.

कॉर्बेट यांच्या हयातीत भारतात दूरचित्रवाणी नव्हती. तरीही वाघाचा शोध कसा घ्यावा, त्याच्या वाटेवर कसे थांबावे आणि त्याला न बिचकवता चित्रफितीवर कसे टिपावे, याचा विचार त्यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांतच केला होता. आजच्या मालिकांतील शोधात आणि त्यांच्या शोधात एक मोठे अंतर मात्र होते. आजचा शोध वाघ पाहण्याच्या ओढीतून सुरू होतो. कॉर्बेट यांचा शोध बहुधा एखाद्या डोंगरी खेड्यातील मृत्यूपासून सुरू होई. ज्या माणसांच्या घरातून वाघाने कुणाला तरी ओढून नेले आहे, त्यांच्या बाजूने उभे राहायचे आणि त्याच वेळी वाघाच्या बाजूनेही साक्ष द्यायची, ही कसरत त्यांना आयुष्यभर करावी लागली. त्यांच्या चरित्राचे महत्त्व या कसरतीत आहे.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. घराणे मूळचे आयरिश, पण भारतात स्थायिक झालेले. वडील ख्रिस्तोफर विल्यम हे नैनितालचे पोस्टमास्तर होते. १८८० च्या सप्टेंबरमध्ये नैनितालला मोठी दरड कोसळून १५१ माणसे गाडली गेली आणि पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. जिम तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. मोठ्या कुटुंबाचा भार आई मेरी जेन यांच्यावर आला. उन्हाळा नैनितालच्या गर्नी हाऊसमध्ये आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीत, असा या कुटुंबाचा क्रम असे. इंग्रज साहेबांच्या उतरंडीत भारतात जन्मलेल्या आणि इथेच राहिलेल्या गोऱ्यांचे स्थान खालचे मानले जाई. कॉर्बेट कुटुंब त्याच वर्गातले. कदाचित त्यामुळेच या मुलाचा ओढा क्लबपेक्षा कालाढुंगीच्या रानाकडे आणि तिथल्या माणसांकडे अधिक राहिला.

कालाढुंगीच्या रानात त्यांचे खरे शिक्षण झाले. थोरले बंधू टॉम यांनी बंदुकीची ओळख करून दिली. परिसरातील कुंवरसिंह या चोरटी शिकार करणाऱ्या ठाकुराने रानात वावरण्याचे धडे दिले. नळी फुटलेली, तारेने बांधलेली एक जुनी ठासणीची बंदूक हाती आली तेव्हा जिम लहानच होते. ते अनवाणी चालायला शिकले, वाऱ्याची दिशा ओळखायला शिकले, एका ठशावरून प्राणी नर की मादी, जखमी की धडधाकट, सावकाश गेला की घाईत, हे सांगू लागले. पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे आवाज हुबेहूब काढण्याची कलाही त्यांनी याच वयात आत्मसात केली. चितळाचा इशारा, सांबराची हाक, वानराची खाकर आणि भेकराचे भुंकणे या प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो आणि या आवाजांची साखळी जोडत गेले की न दिसणाऱ्या वाघाची वाट डोळ्यांपुढे उभी राहते, हे त्यांना पुस्तकांतून कुणी शिकवले नव्हते.

शिक्षण फार काळ चालू ठेवणे घरच्या परिस्थितीला परवडणारे नव्हते. विशीच्या आतच ते बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत इंधन निरीक्षक म्हणून रुजू झाले. रेल्वेच्या इंजिनांसाठी लागणारे जळाऊ लाकूड तोडून घेणे हे त्यांचे काम. ज्या माणसाचे नाव पुढे एका अभयारण्याला मिळाले, त्याच्या उमेदवारीचा काळ असा वृक्षतोडीच्या तळावर गेला. त्यानंतर बिहारमधील मोकामा घाट येथे गंगेच्या काठावर रेल्वेचा माल उतरवून पुन्हा चढवण्याचे कंत्राट त्यांनी घेतले. रुंद आणि अरुंद अशा दोन वेगवेगळ्या मापांच्या रेल्वेमार्गांमधील हा दुवा होता आणि सारे काम हमालांच्या पाठीवरून होई. तिथे त्यांनी २१ वर्षे काढली. मजुरांबरोबर स्वतः ओझी उचलली. चमारी या दलित मुकादमाचे जे चित्र त्यांनी पुढे 'माय इंडिया' या पुस्तकात रेखाटले, त्यात या वर्षांतील आपुलकीचा प्रत्यय येतो. नरभक्षकांच्या शिकारीसाठी ते सुटी काढून कुमाऊंला जात आणि काम संपले की पुन्हा घाटावर हजर होत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. व्यवसायाने ते कधीही शिकारी नव्हते.

पहिला नरभक्षक त्यांच्या वाट्याला आला तो १९०७ मध्ये. चंपावतच्या वाघिणीने त्या काळच्या नोंदींनुसार ४३६ माणसे मारली होती. त्यांपैकी सुमारे २०० नेपाळमध्ये आणि तिथून तिला हुसकावल्यानंतर उरलेली कुमाऊंमध्ये. नैनितालच्या उपायुक्तांनी विनंती केली, तेव्हा कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या. वाघिणीवर लावलेले इनाम रद्द करावे आणि इतर सर्व शिकाऱ्यांना माघारी बोलवावे. पैशासाठी मारणारा म्हणून आपली गणना होऊ नये आणि रानात दुसऱ्याच्या गोळीला आपण बळी पडू नये, ही त्यामागची दोन कारणे होती. या अटी त्यांनी पुढेही पाळल्या.

पाली या गावी ते पोहोचले तेव्हा गावकऱ्यांनी पाच दिवस दाराबाहेर पाऊल टाकले नव्हते. पिके उभी होती, गुरांना चारा नव्हता. बळी गेलेल्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, कारण गवत कापायला आणि झाडांचा पाला तोडायला रानाच्या कडेला जावे लागे ते त्यांनाच. पुढे चंपावतजवळ एका तरुण मुलीला वाघिणीने नेले आणि तिच्या रक्ताच्या खुणांवरून कॉर्बेट एकटेच दरीत उतरले. त्या मागावर त्यांना जे अवशेष दिसले, त्यांचे वर्णन त्यांनी फार संयमाने केले आहे, पण ते दृश्य त्यांच्या मनातून कधी गेले नाही. दुसऱ्या दिवशी चंपावतच्या तहसीलदाराने जवळजवळ ३०० माणसे गोळा केली. त्यांतल्या अनेकांकडे विनापरवाना बंदुका होत्या आणि सरकारी अधिकारी असूनही तहसीलदाराने त्या दिवसापुरते तिकडे दुर्लक्ष केले. हाकारा झाला. कॉर्बेट यांच्याजवळ तीनच काडतुसे होती आणि ती संपली तरी जखमी वाघीण समोर उभी होती. शेवटचा बार त्यांनी धावत जाऊन घेतलेल्या तहसीलदाराच्या जुनाट बंदुकीने काढला.

शिकारीची सांगता त्यांच्या लेखी इथे होत नसे. वाघिणीचे तोंड उघडून त्यांनी पाहिले. उजव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या सुळ्यांची मोडतोड झालेली होती. पूर्वी कधीतरी कुणीतरी झाडलेल्या गोळीने ही इजा झाली होती आणि त्यामुळे नैसर्गिक भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले होते. ४३६ मृत्यूंच्या मुळाशी माणसाचाच एक चुकलेला नेम होता. पुढे प्रत्येक नरभक्षकाच्या बाबतीत त्यांनी हीच तपासणी केली. मुक्तेसरच्या वाघिणीचा एक डोळा साळिंदराशी झालेल्या झुंजीत गेला होता आणि तिच्या अंगात पन्नासच्या आसपास काटे रुतून बसले होते. चौगढच्या वाघिणीची नखे आणि दात झिजलेले होते. वाघ स्वभावतः माणसाच्या वाटेला जात नाही, जखम किंवा म्हातारपण त्याला तिकडे ढकलते, हा निष्कर्ष त्यांनी मृत वाघांच्या देहांवरून काढला. नरभक्षक वाघ म्हणजे क्रौर्याचे प्रतीक मानणाऱ्या त्या काळात हे सांगणे सोपे नव्हते.

बिबट्यांच्या बाबतीत त्यांनी आणखी एक कारण नोंदवले. साथीच्या रोगात माणसे पटापट मरू लागली की डोंगरातल्या लोकांना विधिपूर्वक दहन करणे जमत नसे. मृताच्या तोंडात निखारा ठेवून देह दरीत लोटला जाई. मृत मांस खाणाऱ्या बिबट्याला अशा वेळी माणसाची चटक लागते आणि साथ ओसरल्यावर तो जिवंत माणसांकडे वळतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर रुद्रप्रयागचा बिबट्या उदयाला आला. केदारनाथ आणि बद्रीनाथच्या यात्रामार्गावर त्याने आठ वर्षे दहशत माजवली. सरकारी नोंदीनुसार १२५ माणसे गेली. दिवस मावळला की यात्रेकरूंच्या धर्मशाळा आणि गावांतील घरे चिडीचूप होत. कॉर्बेट यांनी त्याचा पाठलाग दोन वेगवेगळ्या मोसमांत केला. रुद्रप्रयागच्या झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर त्यांनी बोचऱ्या वाऱ्यात वीस रात्री बसून काढल्या आणि त्या वीस रात्रींत पुलावरून बिबट्या गेला नाही. विष, सापळे, मचाण, सगळे उपाय थकले. अखेर मे १९२६ च्या सुरुवातीला गुलाबराय येथे आंब्याच्या झाडावरून काळोखात झाडलेली गोळी त्याला लागली. सकाळी त्यांना दिसला तो एक म्हातारा, पिकलेल्या केसांचा बिबट्या. निसर्गाच्या नियमांपुढे त्याने कोणताही अपराध केला नव्हता, ही जाणीव त्या विजयाच्या क्षणी त्यांना झाली आणि ती त्यांनी लपवली नाही.

मालिकांतील शोधात हे मागे रेंगाळणारे दुःख फारसे येत नाही. कॉर्बेट यांच्या गोष्टींत ते सर्वत्र आहे. बहिणीला डोळ्यांदेखत वाघिणीने नेताना पाहून चंपावतजवळची एक स्त्री मुकी झाली होती. वाघिणीचे कातडे घेऊन कॉर्बेट तिच्या दारी गेले आणि ते पाहताच तिची वाचा परत आली. रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाचे भय खरे आहे, ते दूर केल्याशिवाय वाघासाठी दयेची याचना करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही, हे अशा प्रसंगांतून ते शिकले असावेत.

कॉर्बेट यांचे चित्र एखाद्या संतासारखे रंगवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. त्यांनी हौसेखातरही वाघ मारले आहेत. पोवलगढचा प्रचंड वाघ त्या प्रांतातील सर्वांत प्रतिष्ठेची शिकार मानला जाई. १९२० पासून अनेक शिकारी त्याच्या मागे होते. तो नरभक्षक नव्हता. १९३० च्या हिवाळ्यात कॉर्बेट यांनी त्याला मारले आणि त्याची लांबी भरली १० फूट ७ इंच. व्हाइसरॉयसारख्या बड्या पाहुण्यांच्या शिकारींचीही व्यवस्था त्यांनी पाहिली. तो काळ आणि ते राज्य यांच्या चौकटीत हे सारे प्रतिष्ठेचे होते.

त्यांना अधिक बोचली ती पिपल पानीच्या वाघाची गोष्ट. या वाघाला ते अगदी बछडा असल्यापासून ओळखत होते. त्याचा पहिला ठसा, त्याचा वाढता पल्ला, त्याच्या नेहमीच्या वाटा, सारे त्यांना ठाऊक होते. एकदा एका गावकऱ्याने त्याच्यावर बार टाकला. जखमी वाघ पुढे माणसांवर उलटेल, या भीतीने कॉर्बेट यांनी स्वतः वाघाची साद घालून त्याला जवळ बोलावले आणि ठार केले. नंतर पाहिले तर जखम भरून येत होती, वाघ धडधाकट झाला असता. आपल्या विद्येवर विश्वास ठेवून आलेला ओळखीचा वाघ आपण विनाकारण मारला, ही खंत त्यांनी पुस्तकात स्पष्टपणे नोंदवून ठेवली. स्वतःचा नेम अचूक असूनही निर्णय चुकू शकतो, याची ही कबुली होती.

१९२० च्या दशकात त्यांच्या आयुष्यात एक नवे वळण येत होते. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे रात्री वाघाच्या वाटेवर तार लावून ठेवत आणि वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाशझोतासह छायाचित्र निघत असे. आजच्या स्वयंचलित कॅमेऱ्यांचे हे पूर्वरूप. चॅम्पियन यांचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. या छायाचित्रांनी कॉर्बेट भारावून गेले. भिंतीवर लावलेल्या कातड्याचे तेज काही वर्षांत ओसरते, कीड त्याला खाऊन टाकते आणि शिकारीचा आनंद एकट्या शिकाऱ्यापुरता उरतो. छायाचित्राचा आनंद मात्र सर्वांचा असतो आणि त्यासाठी वाघ जिवंत राहतो, हे त्यांना पटले.

एका मित्राने भेट दिलेल्या १६ मिलिमीटरच्या सिने कॅमेऱ्याने त्यांनी वाघ टिपण्याचा ध्यास घेतला. बंदुकीपेक्षा हे काम पुष्कळ अवघड निघाले. गोळी झाडायला क्षणभर दिसलेला वाघ पुरतो. चित्रीकरणाला तो उजेडात, मोकळ्यावर आणि निर्धास्त हवा. रानातला वाघ बहुधा रात्री फिरणारा आणि सिने कॅमेऱ्याची घरघर तर त्याला दुरूनच ऐकू जाई. वर्षानुवर्षे अपयश पदरी आल्यावर कॉर्बेट यांनी एक युक्ती केली. दाट रानात ओढ्याकाठची एक जागा निवडून त्यांनी तिथे आपला जंगलातला स्टुडिओच उभारला. ओढ्यावर ठिकठिकाणी लहान बांध घालून पाण्याचा खळखळाट निर्माण केला, म्हणजे कॅमेऱ्याचा आवाज त्यात बुडून जाईल. मग संयमाने, दिवसेंदिवस, वाघांना त्या जागेची आणि दिवसाउजेडी तिथे येण्याची सवय लावली. अखेरीस सात वाघ त्यांच्या चित्रफितीत एकाच ठिकाणी सामावले. बंदूक न उचलता, माचाणावरून आरोळ्या न देता, केवळ वाघाच्या स्वभावाचा अभ्यास करून मिळालेले हे यश त्यांना कोणत्याही शिकारीपेक्षा मोलाचे वाटले. आजच्या वन्यजीव चित्रीकरणातील दडून बसण्याच्या आणि प्राण्याला आपली सवय होऊ देण्याच्या साऱ्या तंत्राचे मर्म या एका प्रयोगात दिसते.

मात्र कॅमेरा हाती आला म्हणून बंदूक खाली ठेवता आली नाही. कुमाऊंच्या गावांतून बोलावणी येतच राहिली. चौगढच्या वाघिणीने ६४ बळी घेतले होते. ११ एप्रिल १९३० रोजी कॉर्बेट एका अरुंद ओढ्यात उतरत होते. त्यांच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती. पक्ष्यांच्या अंड्यांचा संग्रह हा त्यांचा जुना छंद आणि ही अंडी दुर्मीळ म्हणून त्यांनी उचललेली. खडकाला वळसा घालताच अवघ्या काही फुटांवर वाघीण दबा धरून बसलेली दिसली. हात अडकलेला असल्याने झटकन हालचाल करता येईना. एका हातात रायफल अगदी हळू, इंचाइंचाने वळवत त्यांनी गोळी झाडली. अंडी हातात नसती तर आपण वेगाने वळलो असतो आणि वाघिणीने झेप घेतली असती, असे त्यांना वाटले. अंडी त्यांनी परत जाऊन घरट्यात ठेवली. शेवटची नरभक्षक वाघीण त्यांनी १९३८ च्या नोव्हेंबरअखेरीस ठाक या गावाजवळ मारली. गाव ओस पडला होता. संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात वाघाची साद घालून त्यांनी तिला जवळ आणले. त्यांचे वय तेव्हा ६३ वर्षांचे होते.

वाघ वाचवायचा तर एकट्यादुकट्याची सहानुभूती पुरणार नाही, जमीन राखून ठेवावी लागेल, हे त्यांना उमगले होते. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर माल्कम हेली यांच्या काळात रामगंगेच्या खोऱ्यात राष्ट्रीय उद्यान करण्याचा विचार पुढे आला तेव्हा त्याच्या सीमा ठरवण्याच्या कामी कॉर्बेट यांच्या ज्ञानाचा उपयोग झाला. ८ ऑगस्ट १९३६ रोजी सुमारे ३२४ चौरस किलोमीटरचे हेली राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. भारतातील हे पहिले राष्ट्रीय उद्यान. शाळांमधून व्याख्याने देत, प्राण्यांचे आवाज काढून दाखवत ते मुलांना रानाची गोडी लावत. कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी येथे त्यांनी १९१५ मध्ये जमीन घेऊन गाव वसवले होते. रानडुकरांपासून पिके वाचावीत म्हणून गावाभोवती कित्येक किलोमीटर लांबीची दगडी भिंत बांधून दिली. प्राण्याला मारण्यापेक्षा पीक आणि प्राणी यांच्यामध्ये भिंत घालणे स्वस्त पडते, हा त्यांचा व्यवहार होता.

दोन्ही महायुद्धांत त्यांनी सेवा केली. पहिल्या युद्धात सुमारे ५०० कुमाऊंनी माणसांची तुकडी घेऊन ते फ्रान्सला गेले. दुसऱ्या युद्धात सैनिकांना जंगलात तग धरण्याचे आणि वावरण्याचे प्रशिक्षण दिले. याच काळात त्यांच्या हातून लेखन झाले. १९४४ मध्ये 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' हे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबईतील शाखेने प्रसिद्ध केले. तिथले आर. ई. हॉकिन्स यांनी या हस्तलिखिताचे मोल ओळखले आणि पुढची सर्व पुस्तकेही त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. जगभर गाजलेल्या या लेखकाचा उदय असा मुंबईतून झाला. युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांच्या वसतिगृहासाठी कॉर्बेट यांनी पहिल्या आवृत्तीचे मानधन देऊन टाकले. १९४६ मध्ये अमेरिकेतील 'बुक ऑफ द मंथ क्लब'ने पुस्तकाची निवड केली आणि ते लाखोंच्या हाती गेले. १९४८ मध्ये हॉलिवूडने त्याच्या नावावर चित्रपट काढला, पण त्यात मूळ पुस्तकाचा अंश नावापुरताच होता.

स्वातंत्र्यानंतर, १९४७ च्या अखेरीस, कॉर्बेट आणि त्यांच्या भगिनी मॅगी यांनी भारत सोडला आणि केनियातील न्येरी येथे मुक्काम हलवला. आयुष्याची बहात्तर वर्षे ज्या मातीत गेली, तिथल्या नव्या राज्यात आपल्यासारख्यांना स्थान उरेल की नाही, या शंकेने त्यांना ग्रासले होते. जाताना छोटी हल्द्वानीची जमीन त्यांनी तिथल्या कुळांच्या स्वाधीन केली. न्येरीतही लेखन सुरू राहिले. 'माय इंडिया' १९५२ मध्ये, 'जंगल लोअर' १९५३ मध्ये आणि 'द टेम्पल टायगर' १९५४ मध्ये आले. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ 'ट्रीटॉप्स' या झाडावरच्या निवासात वन्य प्राणी पाहण्यासाठी थांबल्या तेव्हा ७६ वर्षांचे कॉर्बेट त्यांच्या सोबत होते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये राजांचे निधन झाले आणि राजकन्या राणी झाल्या. १९ एप्रिल १९५५ रोजी हृदयविकाराने कॉर्बेट यांचे न्येरीत निधन झाले.

हेली उद्यानाला पुढे रामगंगेचे आणि कॉर्बेट यांच्या मृत्यूनंतर त्यांचे नाव मिळाले. १९६८ मध्ये इंडोचायनातील वाघाच्या उपजातीला शास्त्रज्ञांनी कॉर्बेट यांच्यावरूनच नाव दिले. १९७२ च्या गणनेत देशात अवघे १,८२७ वाघ आढळले आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ कॉर्बेट उद्यानातच झाला. पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत महाराष्ट्रातील मेळघाटचाही समावेश होता. पुढे याच उद्यानातील मोठा भूभाग रामगंगेवरील कालागढ धरणाच्या पाण्याखाली गेला. २००६ च्या गणनेत वाघांची संख्या १,४११ इतकी खाली आली आणि देश हादरला. त्यानंतरच्या प्रयत्नांमुळे २०२२ मध्ये ती सरासरी ३,६८२ पर्यंत पोहोचली. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात २६० वाघ नोंदले गेले. देशातील कोणत्याही एका प्रकल्पातील ही सर्वाधिक संख्या आहे.

संख्या वाढली तसा कॉर्बेट यांच्यापुढचा जुना पेचही परतला. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटे रानात शिरणाऱ्या स्त्रिया-पुरुषांवर वाघांचे हल्ले होतात. कुमाऊंमध्ये गवत कापणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला जे आले, तेच इथे शंभर वर्षांनी घडते आहे. १३ जणांच्या मृत्यूंचा ठपका असलेल्या अवनी या वाघिणीला नोव्हेंबर २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात गोळी घालण्यात आली तेव्हा देशभर वाद पेटला. शहरात बसून वाघिणीसाठी हळहळणारे एका बाजूला आणि महिनोन्‌महिने शेतात जायला धजावत नसलेले गावकरी दुसऱ्या बाजूला, असे चित्र तेव्हा दिसले. या दोन बाजूंमधील दरी बुजवेल असा आवाज त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही.

कॉर्बेट यांचे आयुष्य त्या दरीतच गेले. वाघीण मारण्यापूर्वी ते गावात राहत, भेदरलेल्या माणसांना शेतात पीक कापता यावे म्हणून स्वतः पहाऱ्याला उभे राहत. वाघीण मारल्यानंतर तिचे दात आणि पंजे तपासून तिच्या अपराधामागचे कारण शोधत. पडद्यावर वाघ शोधणारी मालिका पाहताना ज्या खुणांनी प्रेक्षक थरारून जातो, त्या प्रत्येक खुणेचे त्यांच्या पुस्तकांत एक जुने टोक सापडते आणि त्या टोकाला बहुधा एखादे खेडे असते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ही पुस्तके उपलब्ध आहेत. वाघाची पुढची मालिका पाहण्याआधी त्यांतील चंपावतची आणि पिपल पानीची अशा दोन गोष्टी वाचल्या, तर पडद्यावर जे दिसते त्यापलीकडचे बरेच काही कळू लागेल.